सर, आपल्या पेनड्राइव्हला दंडवत

माननीय सर यांचे सेवेशी,

स. न. वि. वि.

पत्रात आपलं नाव घालत नाही. गरजच नाही. आपल्या तालुक्यात कुणी नुसतं "सरांनी टाकून दिलं" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की कोणते सर, काय टाकलं आणि किती घेतले. वयानं आपण माझ्याहून बरेच लहान आहात. पण ज्याच्या गळ्यात पेनड्राइव्ह तो सर, हा नियम तालुका पातळीवर केव्हाच मंजूर झालेला आहे. शेजारच्या तालुक्यातल्या सरांना हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही ते खुशाल ठेवून घ्यावं.

सर्वप्रथम आभार मानतो ते आपल्या वेगाबद्दल. मी आपल्या दारात आलो तेव्हा माझ्या मनात एक गावंढळ प्रश्न होता. माझ्या स्टुडिओला फोटोच्या कामासाठी कोणतं सॉफ्टवेअर बरं पडेल? आपण मला तो पुरा करूच दिला नाहीत. दुसरा कुणी असता तर विचारत बसला असता, की बाबा रे, तुझ्याकडे काम काय येतं? पासपोर्ट फोटो जास्त की पत्रिका? फ्लेक्स करतोस का? अल्बम कुठं छापतोस? मशीनची रॅम किती? असल्या चौकश्या डॉक्टर करतात. आपण पेशंटला खुर्चीत टेकू न देता थेट इंजेक्शन मारता.

"फोटोशॉप," आपण म्हणालात. मग खालच्या आवाजात, "फुल व्हर्जन." मग त्याहून खालच्या आवाजात, "तीनशे."

एवढ्या थोडक्यात निवड करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मुलीचं स्थळ बघतानाही आमच्याकडे निदान मुलगा काय करतो एवढं विचारतात.

फुल व्हर्जनबद्दल आभार मानावेत तेवढे थोडे. सकाळी उदबत्ती ओवाळून मशीन चालू केली की पहिल्या पडद्यावर ते बांधणाऱ्यांची नावं झळकत. थॉमस नोल, मिशिगन विद्यापीठात पीएचडी करता करता १९८७ साली पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्यानं लिहिला, त्यातून हे सगळं उभं राहिलं. त्याचा भाऊ जॉन सिनेमातल्या करामती करणाऱ्या स्टुडिओत नोकरीला होता. आणि सीतारामन नारायणन, ज्यांचं नाव वाचून 'आपला माणूस' म्हणून माझी छाती उगाचच फुगायची. फेब्रुवारी १९९० मध्ये पहिली आवृत्ती निघाली, तीही फक्त मॅकिंटॉशवर चालणारी. तेव्हापासून एवढी माणसं राबली, आणि मग आपण आलात, एक डीएलएल फाइल उचललीत आणि तिच्या जागी दुसरी ठेवलीत. त्या यादीत आपलं नाव नाही हे मला फार लागतं.

जाताना आपण पथ्यंही सांगून गेलात. अँटिव्हायरस बंद ठेवायचा. अपडेट करू का असं मशीननं विचारलं की नाही म्हणायचं. सॉफ्टवेअर उघडं असेल तोवर नेट काढून ठेवायचं. "कंपनीला पत्ता लागता कामा नये," आपण म्हणालात. सर, माझ्या दुकानाचा पत्ता पोस्टमनला लागत नाही. पण आपण माझी एवढी काळजी केलीत, डोळे भरून आले.

आणि आवृत्ती कोणती? सगळ्यात नवी. माझ्या मशीनला ४ जीबी रॅम. कंपनी स्वतः कमीत कमी ८ मागते. पण जुनं काही देणं आपल्याला शोभलं नसतं. त्यामुळे फाइल उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा व्हायचा, पान व्हायचं, कुणाचं कुठं जमलं आणि कुणाचं कशावरून मोडलं हे कळायचं. पत्रिकांच्या निम्म्या ऑर्डरी मला त्या फिरणाऱ्या निळ्या चक्राकडे बघता बघताच मिळालेल्या आहेत.

आता नव्या आवृत्तीतली नवी गंमत. २०२३ पासून त्यात चित्राचा एखादा भाग निवडून 'इथं अमुक भर' म्हटलं की एआय भरून देतो. गिऱ्हाइकं मोबाइलवर रील बघून येतात आणि म्हणतात, "काका, मागचा उकिरडा काढून मागे ताजमहाल टाका की, एका बटणाचं काम." ते बटण माझ्याकडेही होतं, सर. ते चालतं कंपनीच्या सर्व्हरवर. त्याला लॉगिन लागतं, नेट लागतं. आणि आपलं पथ्य तर आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा आपण मला दिलेलं फुल व्हर्जन हे त्या बटणापुरतं दर्शनी होतं. देवळात बाहेरून हात जोडावेत तसा मी रोज त्याला नमस्कार करायचो आणि उकिरडा हातानं उपसायचो.

माझ्या दुकानाचं पोट खरं चालतं ते भरतीच्या फॉर्मांवर. बँकेच्या परीक्षेची पोरं येतात. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, वजन २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, वजन १० ते २० केबी. बास, एवढंच काम. बोस्नियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या इरफान स्किल्यान नावाच्या गृहस्थानं १९९६ मध्ये इरफानव्ह्यू काढलं. अगदी चिमुकलं सॉफ्टवेअर. जेपीजी सेव्ह करताना किती केबी हवेत तो आकडाच त्यात टाकता येतो. घरगुती वापराला फुकट, धंद्याला थोडके पैसे. मी आपल्याला विचारलं होतं, आठवतं? आपण म्हणालात, "ते फोटो बघायचं असतं, एडिटिंगचं नव्हे."

त्यामुळे मी ५० केबीच्या फोटोसाठी सिनेमाची पोस्टरं करणारं यंत्र सुरू करायचो आणि क्वालिटीची पट्टी मागे-पुढे ढकलत बसायचो. ५३. मग ४८, पण चेहऱ्यावर चौकोन. मग ५१. अर्ज भरायची शेवटची रात्र, बाहेर पोरांची रांग. फोटोशॉपमध्येही 'सेव्ह फॉर वेब'च्या आत, कोपऱ्यातल्या एका यादीत, हव्या तेवढ्या वजनाची फाइल काढायची सोय आहे हे मला पुढं दुसऱ्यानं दाखवलं. आपण दाखवलं असतं, पण आपला वेळ मोलाचा.

आता रंगाबद्दल. रंगाविषयी आपला उपदेश मी भिंतीवर लिहून ठेवला होता: "आरजीबीतच ठेवायचं, चमक येते." आली. पडद्यावर आली. ऑफसेटवाल्याकडे मात्र चारच शाया असतात. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. प्रकाशातून दिसणारे सगळेच रंग काही त्या चार शायांतून उतरत नाहीत, आणि सगळ्यात आधी दगा देतात ते झगझगीत गुलाबी, पोपटी आणि मोरपंखी. म्हणजे नेमके लग्नातले. एका साखरपुड्याच्या कार्डावर नवरीचा राणी कलरचा शालू छापून आला तेव्हा त्या राणीची दासी झालेली होती. नवरीची आत्या कार्ड उजेडात धरून बराच वेळ काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

काम छपाईला जाणार असेल तर आधीच सीएमवायकेमध्ये बघून घ्यावं, आणि फ्लेक्सला जाणार असेल तर ज्याच्या मशीनवर छापायचं त्यालाच फाइल कशी हवी ते विचारावं, कारण त्याचं मशीन आपल्या हिशेबानं रंग बदलून घेतं. एवढं साधं दोन ओळींचं ज्ञान. पण ते पेनड्राइव्हमध्ये मावत नसावं.

पत्रिकेच्या मजकुराबाबत तर आपले उपकार फिटणारे नाहीत. युनिकोडमध्ये टाइप केलं तर 'चि.'ची वेलांटी 'च'ला सोडून पलीकडच्या घरी राहायला गेली. 'श्री'चे तुकडे पडले आणि मध्ये हलन्त पाय लोंबकळू लागला. 'कृपेकरून'मधली कृपा ओळखू येईना. आपल्याला फोन केला. आपण म्हणालात, "मराठीला त्यात सपोर्ट नाही." सर, सपोर्ट होता. तेव्हाच्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडायचं, सॉफ्टवेअर बंद करून उघडायचं, की वेलांट्या मुकाट्यानं आपापल्या घरी परतायच्या. ज्ञानेश्वरांच्या भाषेला अरबस्तानच्या रांगेत का उभं केलं हे कंपनीच जाणे. पण रांग होती आणि त्या रांगेत आपला नंबर लागत होता.

त्याऐवजी आपण मला जुना कीबोर्डाचा फाँट दिलात. तोही पेनड्राइव्हमधूनच. माझ्या पडद्यावर मजकूर देखणा दिसायचा. प्रेसमध्ये फाइल उघडली की तिथं तो फाँट नसायचा, आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची खूण. एका वधूपित्यानं मला विचारलं की ही डॉलरची खूण आहेराबद्दल आहे का.

यावर कुणी शहाणा म्हणेल, की मुळात पत्रिकेचा मजकूर फोटोच्या सॉफ्टवेअरात लिहायचाच कशाला? फोटो फोटोच्या जागी दुरुस्त करावा आणि अक्षरं कोरलड्रॉमध्ये, नाहीतर फुकटच्या इंकस्केपमध्ये जुळवावीत. तिथं अक्षर रेषेनं बांधलेलं असतं. कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, आणि पीडीएफ काढली की फाँटचा जाच उरत नाही. बरोबर आहे. पण मग एका कामाला दोन सॉफ्टवेअरं झाली असती आणि आपला सिद्धान्त मोडला असता. आपल्या सिद्धान्तात दुकान कसलंही असो, सॉफ्टवेअर एकच.

तीनशेत आपण स्किनचा प्लगइनही भेट दिलात, तो विसरून चालणार नाही. एक क्लिक, की माणूस गोरा. मुरूम गेले, देवीचे वण गेले, आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, एका पैलवानाच्या भुवईवरची आयुष्यभराची खूण गेली. तालुक्यातले सगळे नवरदेव एकाच पिठातून वळल्यागत दिसू लागले. पासपोर्टच्या फोटोत मात्र त्वचेचा रंग आहे तसाच लागतो, त्यामुळे ती मंडळी परत माझ्याच दारात. माझे वडील काचेच्या चौकटीमागे दिवा ठेवून निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करत. कुठं थांबायचं हे पेन्सिलीला ठाऊक नसतं, हाताला असतं, असं ते म्हणत. आपल्या प्लगइनला हात नाही, त्यामुळे तोही प्रश्न सुटला.

आता ज्या विषयासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो.

मी एकदा धीर करून आपल्यासमोर जिंपचं नाव काढलं होतं. आपण हसलात. समोर बसलेली क्लासची पोरंही हसली, कारण सर हसले की हसायचं हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. मग आपण म्हणालात, "फुकटचं सॉफ्टवेअर फुकटच्याच लायकीचं असतं."

सर, हे सुवचन उच्चारताना आपल्या डाव्या हातात माझे तीनशे रुपये होते आणि उजव्या हातात दुसऱ्याचा माल.

त्या फुकट्या सॉफ्टवेअरची हकीगत अशी. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ही बर्कलीची दोन कॉलेजची पोरं. १९९५ मध्ये त्यांनी ते लिहायला घेतलं, १९९६ मध्ये लोकांच्या हवाली केलं, आणि तेव्हापासून ओळखदेख नसलेली माणसं ते वाढवत आली आहेत. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली; त्यात एकदा लावलेला फिल्टर नंतर उघडून बदलता येतो. मराठी अक्षरं कुठलीही रांग न लावता सरळ येतात. हवं तितक्या मशीनवर टाका, दुकानात वापरा, शेजाऱ्याला द्या, कुणी विचारणार नाही. इतका बिनबोभाट व्यवहार असलेल्या वस्तूत आपल्याला रस वाटू नये हे मी समजू शकतो.

त्यात उणं नाही असं मी म्हणत नाही. सीएमवायकेमध्ये थेट काम करता येत नाही. छापल्यावर कसं दिसेल ते पाहता येतं, फाइल काढताना रंग बदलून घेता येतात, इतकंच. दुसऱ्यानं बनवलेली भरगच्च पीएसडी उघडली तर तिच्यातलं सगळं जसंच्या तसं येईल याचा भरवसा नाही. ज्याचा धंदा १२ बाय ३६च्या करिझ्मा अल्बमच्या तयार पीएसडींवर चालतो, त्यानं फोटोशॉपच घ्यावं आणि रीतसर पैसे मोजून घ्यावं, असं मीही सांगेन. हे कारण आपण दिलं असतं तर मी पाय धरले असते. आपण दिलेलं कारण होतं, "सगळे तेच वापरतात."

सगळे तेच वापरतात हे खरंच आहे. सगळ्यांच्या मशीनला आपलाच हात लागलेला आहे.

असो. तो उन्हाळा मात्र मी विसरणार नाही. मुहूर्तावर मुहूर्त होते. फोटोशॉप एकाएकी रुसलं, लायसन्स मागू लागलं. आपण लग्नाच्या पंगतीत होतात. तरीही तेवढ्या गडबडीत आपण व्हॉट्सअ‍ॅपवर 'ॲक्टिव्हेटर'ची लिंक पाठवलीत. कोण करतं एवढं? मी पथ्याप्रमाणे अँटिव्हायरस बंद केला आणि त्यावर दोनदा टिचकी मारली.

संध्याकाळपर्यंत मशीनवरच्या प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट फुटलेलं होतं. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, पाठवणी, सगळ्यांना. उघडायला गेलं की काही उघडेना. दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर होती, पण ती केबलनं जोडलेलीच होती, त्यामुळे शेपूट तिलाही फुटलं. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसून झालेली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये मात्र एक नवी चिठ्ठी होती, साध्या इंग्रजीत आणि मोठ्या अदबीनं लिहिलेली.

फायली सोडवायच्या तर ९८० डॉलर. पहिल्या ७२ तासांत संपर्क केल्यास ५० टक्के सूट, म्हणजे ४९० डॉलर. आणि विश्वास बसावा म्हणून एक फाइल नमुन्याला फुकट सोडवून मिळेल.

सर, इतक्या वर्षांच्या धंद्यात कागदवाल्यानं, शाईवाल्यानं, फ्रेमवाल्यानं कुणी मला अर्ध्यानं सूट दिलेली नाही. आणि नमुना फुकट! ती लिंक आपली, म्हणून या ओळखीचं श्रेयही आपलंच.

व्हायरसची ही जात जुनी आहे, स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात तिला, आणि तिचा मुख्य रस्ताच मुळी फुकटात मिळणारे क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर हा आहे. हे मी नंतर वाचलं. आपण तर या क्षेत्रातले. तरीही आपण मला आधी सांगून माझा आनंद हिरावून घेतला नाहीत.

आपण आलात, मशीनकडे पाहून चुकचुकलात आणि "फॉरमॅट मारावी लागेल" म्हणालात. पाचशे. मग गळ्यातून पेनड्राइव्ह काढलात. तीनशे.

नवरीचे वडील दुकानात आले तेव्हा मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. ते काय बोलले तेही लिहिता येण्यासारखं नाही. नवरदेवाचे काका मात्र सरकारी नोकरीतले. ते म्हणाले, सरळ पोलिसांत जा. म्हणून मी जाण्याआधी कायदा उघडून बघितला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. संगणक प्रोग्रॅमची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्याच्या फायद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. मी फिर्यादी म्हणून घरातून निघालो असतो आणि वाटेतच आरोपी झालो असतो.

त्या कलमात 'जाणूनबुजून' असा शब्द आहे. आपण मला इतकी वर्षं 'फुल व्हर्जन' यापलीकडे काहीच कळू दिलं नाहीत, ते बहुधा पुढंमागं माझा बचाव व्हावा म्हणूनच. एवढी दूरदृष्टी वकिलांनाही नसते.

मग मी म्हटलं, विकतच घेऊ. आपण कानाला हात लावलात. "कंपनी लुटते हो." याबाबतीत मात्र आपल्याला खोटं पाडता येत नाही. मे २०१३ मध्ये अडोबीनं जाहीर केलं की एकदा पैसे भरून कायमचं घ्यायची पद्धत इथून पुढं बंद, आता भाडं. २०२२ मध्ये पँटोनच्या रंगांवरून दोन कंपन्यांचं बिनसलं, आणि लोकांनी आपल्या जुन्या फायली उघडल्या तर त्यातले ते रंग काळे. रंग परत हवे तर महिन्याचे वेगळे पैसे. जून २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या सरकारनंच खटला भरला, की वर्षाचा करार मध्येच मोडला तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम द्यावी लागते हे कंपनी गिऱ्हाइकाला धडपणे सांगत नाही. म्हणजे लुटीचा आरोप काही आपण मनानं रचलेला नाही. फक्त त्या लुटीपासून मला वाचवायला आपण जो मार्ग काढलात, त्यात माझं काय काय वाचलं याचा हिशेब मी अजून लावतो आहे.

आणि लुटीतून सुटायच्या बाकीच्या वाटा? क्रिटा फुकट आहे, आणि त्यात सीएमवायकेमध्ये थेट काम होतं. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, पीएसडी उघडतं, फाइल आपल्याच मशीनवर राहते. इव्हान कुत्स्किर या एका माणसानं ते उभं केलं आहे. अफिनिटी पूर्वी एकरकमी विकत मिळायचं. ते बनवणारी कंपनी २०२४ मध्ये कॅन्व्हानं घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते खातं उघडलं की फुकट. यातलं एकही नाव आपल्या तोंडून कधी ऐकलं नाही. उगाच नावं सांगून गिऱ्हाइकाला गोंधळात टाकू नये, हा आपला बाणा.

आपल्या क्लासबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, वर 'फोटोशॉप मास्टर'. त्यातले दोन मास्टर माझ्याकडे कामाला येऊन गेले. बोटं विजेसारखी. कंट्रोल जे, कंट्रोल टी, कंट्रोल शिफ्ट आय. फोटो अंधारलेला का आहे विचारलं की गप्प. एकाला मी क्रिटासमोर बसवलं तर तो म्हणाला, "काका, यात बटणं दुसरीकडे आहेत," आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. सगळं काम जेपीजीवर करून त्यावरच पुन्हा सेव्ह करायचं, हेही आपणच शिकवलेलं, जागा वाचते म्हणून. दर सेव्हला फोटो थोडा थोडा झिजतो आणि लेयर तर पहिल्याच फटक्यात जातात. पण जागा वाचते हे खरं.

माझं म्हणाल तर हल्ली बरं चाललं आहे. फॉर्मांचे फोटो इरफानव्ह्यूमध्ये, पैसे भरून. कटिंग आणि साफसफाई जिंपमध्ये. पत्रिका इंकस्केपमध्ये, आणि प्रेसला पीडीएफ. अल्बम मी आता जिल्ह्याला पाठवतो. तिथला माणूस फोटोशॉपचं भाडं भरतो आणि माझ्याकडून वसूल करतो. प्रेसवाला अजूनही "कोरल बारामध्ये सेव्ह करून द्या" म्हणतो. त्याचं मशीनही आपल्याच हातचं असावं.

बाजारात कुठं भेट झाली की आपण हसून विचारता, "काय, चालतंय का फुकटचं?" चालतंय. वेलांट्या जागेवर आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला,
एक स्टुडिओवाला

ता. क. नगरपालिकेला आपण उभे राहताय असं समजलं. अभिनंदन. आपल्या वाढदिवसाचा १० बाय २० चा फ्लेक्स आपली पोरं माझ्याकडे टाकून गेली आहेत, उधारीवर. आपला फोटो कापून झाला. खाली शुभेच्छुकांची डोकीही बसवली. आपल्या सूचनेप्रमाणे रंग दोन छटा उजळ केला आहे. प्रूफ सोबत जोडलं आहे. त्यात आपल्या कपाळावरून आडवं 'नमुना' असं लिहिलेलं दिसेल. ॲडव्हान्स पोचला की ते निघेल. ते काढायचा क्रॅक अजून तरी बाजारात आलेला नाही.